120 बाहुल्यांची ऑर्डर आणि मोडायला काढलेली मुदत ठेव

प्रश्न: चार वर्षं घरी कापडी बाहुल्या करते आहे. सोबत अर्धवेळ नोकरी आहे. महिन्याला सहा-सात बाहुल्या होतात, सगळ्या थेट गिऱ्हाइकाला जातात. दोन महिन्यांचं वेटिंग असतं. लोक म्हणतात, चेहरा बघूनच बाहुली घेतली. आता खेळण्यांच्या एका मोठ्या दुकानाने 12 आठवड्यांत 120 बाहुल्या मागितल्या आहेत. किंमत निम्मी देणार, तीही माल पोचल्यावर 60 दिवसांनी. त्यासाठी नोकरी सोडून, मुदत ठेव मोडून एम्ब्रॉयडरी मशीन घ्यायचा विचार आहे. घरखर्चाचे सहा महिने निघतील एवढी ती ठेव आहे. मशीनमध्ये त्यातले चार महिने जातील. बाहुल्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जर्मन कारागीर केटे क्रूझेनेही घरातूनच सुरुवात केली होती, मग मी का नको?

उत्तर:

ताई, उत्तर द्यायला उशीर केला, कारण तुमच्याकडून आधी तीन बाहुल्यांच्या वेळेची नोंद हवी होती. तुम्ही ती मनापासून ठेवलीत. वहीच्या त्या पानाचा फोटो समोर ठेवूनच लिहिते आहे. एका बाहुलीला सरासरी नऊ तास. कापणी 45 मिनिटं. शिलाई आणि हात-पाय उलटवणं सव्वा तास. कापूस भरणं दीड तास, डोकं-हात-पाय जोडणं एक तास, केस दोन तास, चेहरा एक तास, कपडे दीड तास.

मशीन यातल्या फक्त चेहऱ्याला हात लावतं. साठाची दहा मिनिटं होतील असं धरलं, तरी नऊ तासांतली 50 मिनिटं वाचतात. बोटाएवढा हात चिमट्याने उलटवताना शिवण उसवली म्हणून तुम्ही 'पुन्हा' असं लिहिलंय, तिथे मशीनचा काही उपयोग नाही. मान लुळी पडू नये म्हणून चिमूट-चिमूट कापूस ठासावा लागतो, तो हातानेच. केसांचा एकेक पदरही हातानेच ओवायचा. तुमचा वेळ जिथे जातो तिथे हे मशीन पोचतच नाही. ठेव मोडू नका असं मी म्हणते त्याचं हे पहिलं कारण.

आता 12 आठवडे मोजू. नोकरी सोडून आठवड्याला 40 तास काम केलंत तर 480 तास मिळतात. मशीनशिवाय 53 बाहुल्या होतील, मशीन घेऊन 58. हव्यात 120. मशीन असूनसुद्धा त्या पूर्ण करायला आठवड्याला जवळजवळ 82 तास बसावं लागेल, आणि वेटिंगमधली गिऱ्हाइकं तोवर ताटकळत राहतील. हे मनगटांना झेपणारं नाही. नोकरी सोडलीत तर तुमची सगळी मिळकत तुमच्या दोन हातांवर आहे, ते दुखावले तर ती भरून काढणारं घरात दुसरं काही नाही. हे लिहिताना मला खरंच काळजी वाटते आहे.

पैशाचंही बघू. बाहुलीची किंमत 100 धरा. तुमच्या हिशोबाप्रमाणे कापड, कापूस, लोकर, दोरा मिळून 26 जातात. थेट विक्रीत पाठवणीचे 12 वजा केले की हातात 62 उरतात. दुकान 50 देणार, त्यातून 26 गेले की 24. म्हणजे दुकानासाठी पाच बाहुल्या शिवून 120 सुटतात आणि घरबसल्या दोन बाहुल्या विकून 124. पाच बाहुल्यांचे तास 45, दोनांचे 18. गिऱ्हाईक नसतं, बाहुल्या कपाटात पडून असत्या, तर दुकानाचे 24 सुद्धा मी आनंदाने घ्या म्हटलं असतं. तुमच्याकडे तर दोन महिन्यांची रांग आहे. रांगेतल्या माणसाला थांबवून त्याच बाहुलीचे तास दुकानाला निम्म्याहून कमी मोबदल्यात का द्यायचे?

शिवाय 120 बाहुल्यांचा कच्चा माल आधी तुम्हीच भरायचा. तो 31 बाहुल्यांच्या पूर्ण किमतीएवढा होतो. 12 आठवडे आणि वर 60 दिवस, म्हणजे पावणेपाच महिने दुकानाकडून काही येणार नाही आणि पगारही बंद असेल. मशीन घेतल्यावर ठेवीत दोन महिन्यांचा घरखर्च उरतो, त्यातूनच हा मालही आणायचा. त्यात दुकानाने पैसे महिनाभर लांबवले तर कर्जाशिवाय गत्यंतर राहणार नाही. अडीनडीसाठी बाजूला ठेवलेले पैसे दुकानाच्या उधारीला टेकू म्हणून लावायचे नसतात. एवढ्या एका बाबतीत मी अजिबात मागे हटणार नाही.

मशीनने केलेले चेहरे हवेतच असतील तर मशीन विकत न घेताही ते मिळतात. ही एम्ब्रॉयडरी सपाट कापडावर, बाहुली शिवायच्या आधीच होते. त्यामुळे एका मोठ्या तुकड्यावर दहा-बारा चेहरे जॉबवर्कवर, म्हणजे मशीन असलेल्याला मजुरी देऊन, करून घेता येतील. पण आधी चार-पाचच करून बघा. लोक तुमचा चेहरा बघून बाहुली घेतात, हे तुमचंच वाक्य आहे. हाताने घातलेल्या भुवईत जो किंचित फरक पडतो तोच कदाचित त्यांना आवडत असेल. गिऱ्हाइकांपुढे दोन्ही ठेवा आणि काय उचललं जातं ते पाहा.

केटे क्रूझेबद्दल. तिने 1905 मध्ये स्वतःच्या मुलीसाठी टॉवेल, वाळू आणि बटाटा घेऊन पहिली बाहुली केली. 1910 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात तिच्या बाहुल्या गाजल्या, त्यानंतर 1911 मध्ये अमेरिकेतून 150 बाहुल्यांची ऑर्डर आली. तुमच्या ऑर्डरीशी आकडा जवळपास जुळतो म्हणून मन तिकडे ओढ घेतंय, हे मी समजू शकते. पण मधल्या काळात तिच्या बाहुल्या एका कारखान्याकडे करायला दिल्या होत्या आणि ते काम तिच्या मनासारखं उतरलं नव्हतं. पुढे तिने मदतीला माणसं घेतली, तेव्हा कुठे संख्या वाढली. तुम्हाला वाढायचं असेल तर पहिला खर्च माणसावर करा. कापणी आणि कापूस भरणं ही सव्वादोन तासांची कामं शिकवता येण्यासारखी आहेत. कापूस भरायला हात बसायला वेळ लागतो, म्हणून सुरुवात कापणीपासून करा.

त्याआधी किंमत वाढवा. रांग दोन महिन्यांची असताना भाव तोच ठेवणं हा तुमच्यावरच अन्याय आहे. 15 टक्के वाढवलेत, माल आणि पाठवणी तेवढीच राहिली, तर 62 चे 77 होतात. त्याच नऊ तासांची कमाई सुमारे 24 टक्क्यांनी वाढते. थोडी गिऱ्हाइकं गळतील, गळू द्या. रांग महिन्यावर आली तरी तुमचं नुकसान नाही. सध्या ज्यांचं बुकिंग आहे त्यांना मात्र जुनाच भाव लावा.

दुकानाला नकार देऊच नका. फक्त दुसरी बाहुली दाखवा: केसांऐवजी शिवलेली टोपी, अंगातच शिवलेले कपडे, आकार जरा लहान. ती पाच तासांत होते असं तुम्हीच फोनवर म्हणालात. तिची किंमत 70 ठेवली तर दुकानाकडून 35 येतील, मालाचे 15 वजा करून 20 उरतील. तासाला 4 पडले. मोठ्या बाहुलीला दुकानाच्या भावात तासाला पावणेतीनसुद्धा पडत नाहीत. 24 नग, निम्मे पैसे आगाऊ, उरलेले 30 दिवसांत, आणि सगळं लेखी. एकूण 120 तास, म्हणजे नोकरी सांभाळून 12 आठवड्यांत आठवड्याला दहा. तुम्ही आता आठवड्याला साधारण 14 तास बसता, त्यातले दहा यात गेले तर तुमची रांग अडेल. म्हणून दुकानाकडे 12 ऐवजी 20 आठवडे मागा.

एक गोष्ट कागदावर येण्याआधी विचारून घ्या. दुकान ही बाहुली मुलांचं खेळणं म्हणून विकणार की शोभेची वस्तू म्हणून? खेळणं म्हटलं की बहुतेक देशांत सुरक्षा चाचण्या आल्या. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यासाठी तपासणीत 31.7 मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. त्यात पूर्ण मावेल असा सुटा भाग चालत नाही, आणि ओढून निघालेलं बटणही त्यातच धरतात. तुमच्या बाहुलीचे डोळे भरतकामाचे आहेत, ही जमेची बाजू. पण कोटाची बटणं काढून तिथेही भरतकाम करा. चाचणीचा खर्च कोणी करायचा हेही लेखी घ्या. तो तुमच्यावर आला तर वरचे 20 उरत नाहीत.

आगाऊ रकमेला दुकान काय म्हणतं ते मला कळवा. आणि टोपीवाल्या बाहुलीची वेळ फोनवरच्या अंदाजावर सोडू नका. तीन बाहुल्या घड्याळ लावून शिवा आणि वहीचं ते पान पाठवा. पाचाचे सहा तास निघाले तर दुकानाला सांगायचा भाव आपण दोघी बसून नव्याने काढू.