लॅबमधली माणसं आधी ओळख

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठातल्या मायक्रोबायोम लॅबमध्ये, म्हणजे एका जागी राहणाऱ्या सगळ्या सूक्ष्मजीवांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या लॅबमध्ये, मिठागरांच्या कामासाठी तुझी निवड झाल्याचं आईनं फोनवर सांगितलं. ऐकून फार आनंद झाला. रुजू होण्याआधी काय वाचू, असं तू विचारलंस. पेपर तुझ्या गाइड मॅडम देतीलच. मी एवढंच सांगेन, की पहिल्या महिन्यात तिथलं कोण काय काम करतं ते नीट समजून घे. एका नमुन्याला किती हात लागतात आणि प्रत्येक हात त्याचं काय करतो हे ठाऊक नसेल, तर शेवटी संगणकावर येणाऱ्या रंगीत आलेखाचा अर्थ तुला लावता येणार नाही.

आधी प्रोजेक्ट असिस्टंटजवळ बस. किटचे, म्हणजे तयार रसायनांच्या संचांचे डबे आले की त्यांचे लॉट नंबर (कुठल्या उत्पादन-तुकडीतले ते सांगणारे क्रमांक) वहीत उतरवणारी ती मुलगी असते, आणि नव्या विद्यार्थ्यांना ते कारकुनी काम वाटतं. पण डीएनए वेगळा करण्याच्या किटमध्येच थोडा जिवाणूंचा डीएनए असतो, हे 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानं दाखवून दिलं. नमुन्यात मुळात सूक्ष्मजीव कमी असले, तर किटमधलेच जिवाणू तुझ्या निकालात शिरतात आणि तुला ते मिठागरातले वाटतात. म्हणून प्रत्येक खेपेला एक नळी रिकामी चालवायची, म्हणजे नमुना न घालता बाकी सगळं तसंच करायचं. पैसे वाचवायला ही नळी गाळू नकोस. त्या रिकाम्या नळीत काय सापडलं आणि त्या दिवशी कुठला लॉट उघडला होता, हे त्या वहीतूनच जुळवता येतं.

मग संगणकावर विश्लेषण करणारा मुलगा. त्याच्याकडे सगळे शेवटी जातात, फाइल हातात घेऊन. तू सॅम्पलिंगच्या आधी जा. समज, उन्हाळ्यातले सगळे नमुने तू मे महिन्यात एका किटनं काढलेस आणि पावसाळ्यातले सप्टेंबरात दुसऱ्या किटनं. दोन्हींत फरक दिसला, तर तो ऋतूचा की किटचा? कुठलंही सॉफ्टवेअर हे सांगू शकत नाही. नमुने साठवून, दोन्ही ऋतूंचे मिसळून प्रत्येक खेपेत लावायला हवेत, हे तो तुला दहा मिनिटांत कागदावर आखून देईल. प्राइमर, म्हणजे कुठल्या जीवांचा डीएनए वाचला जाणार हे ठरवणारा डीएनएचा छोटा तुकडा, कुठला घ्यायचा तेही त्यालाच विचार. 1977 साली कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोमच्या आरएनएवरून आर्किया हा जीवांचा वेगळा गट दाखवला. मिठागराच्या दाट खाऱ्या पाण्याला जो लालसर रंग येतो, त्यात याच गटातल्या मीठप्रेमी जीवांचा मोठा वाटा असतो. फक्त जिवाणूंसाठी बनवलेला प्राइमर वापरलास तर पाणी डोळ्यांना लाल दिसेल आणि निकालात ते जीव नसतील.

सीनियर स्कॉलर घाईत असतात, थोडे तुटक बोलतात. मनावर घेऊ नकोस, थिसिस डोक्यावर असते. त्यांच्या शेजारी उभी राहून हात बघ. मीठप्रेमी आर्कियाच्या पेशी साध्या पाण्यात धुतल्या तर फुटतात आणि डीएनए पाण्याबरोबर वाहून जातो. त्यांना मिठाच्या द्रावणातच धुवायचं. उलट जाड भित्तीचे काही जिवाणू बारीक मण्यांबरोबर जोरात हलवल्याशिवाय फुटतच नाहीत. किती वेळ हलवायचं याचा आकडा पुस्तिकेत असतो, पण आपल्या मिठागरातल्या चिखलाला तो पुरतो का, हे त्यांनी करून पाहिलेलं असतं.

लॅब अटेंडंटना काका म्हण आणि रोज सकाळी विचारपूस कर. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा उणे 80 अंशांच्या फ्रीझरकडे पहिली धाव त्यांची असते. जनरेटर कधी चालू झाला, दार किती वेळ उघडं राहिलं हे त्यांना विचार आणि तुझ्या वहीत लिही.

मॅडमना चांगली बातमी एक दिवस उशिरा कळली तरी चालेल. नळी सांडली, लेबल पुसलं गेलं, दोन नमुने मिसळल्याची शंका आली, तर त्याच दिवशी जाऊन सांग. बोलणी बसतील. बसू देत. ज्या लॅबमध्ये धाकटी मुलं चूक सांगायला भितात, तिथल्या निकालांवर माझा विश्वास बसत नाही, मग त्यांचे पेपर कितीही मोठ्या जर्नलमध्ये येवोत.

आणि लॅबच्या यादीत ज्यांचं नाव नसतं, ती माणसं. पेडण्यात आगरवाड्याच्या मिठागरांवर जाशील तेव्हा बाटली बुडवून लगेच परत फिरू नकोस. मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, पाणी कुठल्या भरतीला आत घेतलं, कुठल्या खणात मीठ धरायला लागलंय, मधे अवकाळी पाऊस झाला का, हे तिथं काम करणाऱ्यांना विचार. ते बहुधा कोंकणीतून सांगतील, तू जसंच्या तसं टिपून घे. खारटपणा आणि तापमान तू यंत्रानं मोजशील, पण ते पाणी त्या खणात किती दिवस उभं आहे हे यंत्र सांगत नाही, आणि सूक्ष्मजीवांचा समुदाय त्यावरही बदलतो. त्यांना विचारून, त्यांची नावं पेपरच्या आभारात घाल. मॅडम नाही म्हणणार नाहीत.

नमुन्यांच्या तक्त्यात कुठले रकाने ठेवायचे ते अजून ठरलं नसेल, तर रविवारी फोंड्याला घरी ये. येताना मिठागराचा नकाशा आण, दोघी बसून आखू.

तुझ्या बाई