तिन्हीसांजेतल्या सांजा किती?

प्रश्न : कॅलेंडरात सूर्यास्ताची वेळ पाहून मी घड्याळ समोर ठेवून बसले. वेळ टळून गेली तरी चांगली पंधरा मिनिटं दिवा न लावता पेपर वाचता येत होता. मग रात्र नक्की कधी सुरू होते? शिवाय नातू विचारतोय, तिन्हीसांज म्हणजे तीन सांजा कुठल्या? – एक आजी

उत्तर : आजी, आधी नातवाला शाबासकी द्या. शास्त्राच्या पुस्तकात खरोखरच तीन सांजा आहेत! आपला शब्द त्यांच्यावरून आलेला नाही, तो फार जुना आहे. पण योगायोग मला भारी आवडतो.

कॅलेंडरातला सूर्यास्त म्हणजे बिंबाची वरची कड क्षितिजाआड जाते तो क्षण. त्यातही लबाडी आहे. हवेतून येताना किरण वाकतात, त्यामुळे बिंब नुकतं क्षितिजाला टेकलेलं दिसतं तेव्हा हिशेबाने ते जवळजवळ अख्खं खाली गेलेलं असतं. आपण निरोप देत असतो तो गेलेल्या पाहुण्याला.

त्यानंतर जमिनीवर ऊन नसलं तरी उंचावरच्या हवेवर असतं. ती हवा प्रकाश विखुरते, त्यावर तुम्ही पेपर वाचता. सूर्य क्षितिजाखाली 6 अंश जाईपर्यंत नागरी संधिप्रकाश. 12 अंशांपर्यंतचा नाविक. हे नाव खलाशांमुळे पडलं: ताऱ्याची उंची मोजून जहाज कुठे आहे ते काढायचं, तर तारे आणि समुद्राचं क्षितिज दोन्ही एकाच वेळी दिसायला हवीत. आधी तारे नाहीत, नंतर क्षितिज नाही. तेवढ्याच फटीत काम उरकायचं. शेवटचा खगोलीय, 18 अंशांपर्यंत. तो संपला की खरी रात्र. नवी दुर्बीण घेतली तेव्हा मी सूर्य बुडताच अंधुक तेजोमेघ शोधायला गच्चीवर पळालो होतो. तासभर डासांशिवाय काही सापडलं नाही.

तुमची पंधरा मिनिटं नागरी टप्प्यातली. विषुववृत्तापाशी सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे तिथे हा टप्पा वीस-बावीस मिनिटांत आटोपतो. उत्तरेकडे सूर्य तिरका, रेंगाळत जातो. लंडनला जूनच्या उत्तरार्धात तो मध्यरात्रीही 18 अंश खाली पोहोचत नाही, म्हणजे शास्त्राच्या हिशेबाने तिथे तेव्हा रात्र होतच नाही. उलट चंद्रावर हवाच नाही, त्यामुळे संधिप्रकाशही नाही.

आता एक करून बघा. सगळे पश्चिमेला बघत बसतात. तुम्ही सूर्यास्तानंतर पाठ फिरवा. आभाळ स्वच्छ असेल तर पूर्वेला क्षितिजालगत निळसर-करडा पट्टा चढताना दिसेल, त्याच्यावर गुलाबी झाक. तो पट्टा म्हणजे आपल्या पृथ्वीची सावली. मला हे कळलं तेव्हा वयाची चाळिशी उलटली होती, आणि तोवरच्या सगळ्या संध्याकाळी वाया गेल्यासारख्या वाटल्या.

दुसरी गंमत कुंडीतल्या लाल फुलाची. उजेड उतरत गेला की ते काळपट पडतं, शेजारची हिरवी पानं मात्र त्याच्यापेक्षा उजळ दिसतात. मंद प्रकाशात डोळ्यातल्या वेगळ्या पेशी काम हाती घेतात, त्यांना लाल जवळजवळ दिसत नाही. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी हे टिपलं, परिणामाला नावही त्यांचंच आहे.

डोळ्यांची ही तारांबळ भाषांनीही ओळखली आहे. फ्रेंच लोक या वेळेला ‘कुत्रा आणि लांडगा यांच्या मधली’ म्हणतात. समोरचं जनावर कोणतं ते कळत नाही. जपानी ‘तासोगारे’ निघाला ‘तो कोण?’ या प्रश्नातून. आपली ‘कातरवेळ’ मात्र समोरच्याकडे बघतच नाही, ती आपल्याच मनाची हुरहुर सांगते. मला तिघांत तीच जवळची.

राहता राहिला हिरण्यकशिपू. दिवसा मरण नको, रात्री नको, असा वर मागताना त्याने मधली फट सोडली आणि नरसिंहाने नेमकी तीच गाठली. आता सूर्य तेव्हा किती अंश खाली होता, असं नातवाने विचारलं तर त्याला माझ्याकडे पाठवू नका.