संकलाची किंमत एकच, मग संभाव्यता कशाची?

प्रश्न : संख्याशास्त्राच्या अभ्यासात मला सहा चलांचे एक संकलन (इंटिग्रेशन) करायचे आहे. मॉन्टे कार्लो पद्धतीने उत्तर दर वेळी थोडे निराळे येते. मार्गदर्शक ‘बेझियन क्वाड्रेचर’ वाचायला सांगतात. निश्चित संकलाची किंमत एकच असते. मग तिच्यात संभाव्यता येते कुठून?

उत्तर : शंका रास्त आहे. दोन्ही पद्धतींत संभाव्यता आहे, पण ती निरनिराळ्या गोष्टींची आहे.

समान अंतरावरच्या बिंदूंवरून संकल काढणाऱ्या सिम्पसनच्या नियमाने प्रत्येक चलासाठी २१ बिंदू घेतले, तरी फलाची (फंक्शनची) किंमत सुमारे ८ कोटी ५८ लाख ठिकाणी काढावी लागेल. मेट्रोपोलिस आणि उलाम यांनी १९४९ च्या लेखात मांडलेल्या मॉन्टे कार्लो पद्धतीत बिंदू यादृच्छिक निवडून सरासरी घेतात. तिची त्रुटी बिंदुसंख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते आणि हा दर चले वाढली तरी तोच राहतो. मात्र दहापट अचूकतेसाठी बिंदू शंभरपट लागतात. येथे संभाव्यता बिंदूंच्या निवडीत आहे, म्हणून उत्तर हलते. (यादृच्छिक अंकांचे बीज तेच ठेवले, तर उत्तर हलायचे थांबेल, चूक मात्र तेवढीच राहील.)

संख्याशास्त्रज्ञ अँथनी ओ’हेगन यांनी १९८७ मध्ये या पद्धतीवर आक्षेप घेतला : बिंदू कोठे पडले ही माहिती सरासरी घेताना वाया जाते, आणि दोन बिंदू योगायोगाने एकाच जागी पडले, तर दुसऱ्यातून नवे काहीही कळत नसताना ती किंमत दोनदा मोजली जाते. तात्त्विकदृष्ट्या मला हा आक्षेप बिनतोड वाटतो.

बेझियन क्वाड्रेचरमध्ये संभाव्यता आपल्या अज्ञानाची असते. फल मोजक्या ठिकाणीच ठाऊक असते; म्हणून त्याच्यासाठी गॉसियन प्रोसेसचे (संभाव्य फलांना संभाव्यता देणाऱ्या प्रतिमानाचे) पूर्ववितरण, म्हणजे किमती काढण्याआधीचे संभाव्यतेचे वितरण, मानले, की काढलेल्या किमतींवरून संकलाचे उत्तरवितरण, म्हणजे त्यानंतरचे वितरण, मिळते, ज्याची सरासरी हा आपला अंदाज आणि प्रमाण विचलन ही आपली शंका. पूर्ववितरण ब्राउनियन गतीचे (यादृच्छिकपणे वेडीवाकडी जाणाऱ्या अखंड रेषेचे) घेतले, तर सरासरी म्हणून चक्क शाळकरी ट्रॅपेझॉइडल नियमच हाती येतो, हे संख्याशास्त्रज्ञ पर्सी डायकोनिस यांच्या १९८८ च्या लेखात वाचून मी थक्क झालो होतो. प्रमाणित ब्राउनियन गतीसाठी ० ते १ या अंतराचे १० समान भाग केले, तर प्रमाण विचलन सुमारे ०.०२९ येते, २० भाग केल्यास ते निम्मे होते.

एक सावधगिरी मात्र हवी. पूर्ववितरण पक्के ठरवल्यावर हे विचलन केवळ बिंदूंच्या जागांवर अवलंबून असते, निघालेल्या किमतींवर नाही. त्यामुळे पूर्ववितरणच चुकले, तर पद्धत चुकीचे उत्तर मोठ्या आत्मविश्वासाने देते. शिवाय गणनेचा खर्च सामान्यतः बिंदुसंख्येच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. तुमच्या फलाची एक किंमत काढायला कित्येक मिनिटे लागत असतील, तर मार्गदर्शकांचे ऐकावे. क्षणार्धात निघत असेल, तर मॉन्टे कार्लोनेच दहा लाख बिंदू घ्यावेत.