बंद केलेला सर्व्हर खरेच बंद झाला का?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचे सॉफ्टवेअर लिनक्सवरील टॉमकॅट या जावा सर्व्हरवर चालते. दर रविवारी रात्री आम्ही शटडाउनची स्क्रिप्ट चालवतो आणि ती संपली की लगेच स्टार्टअपची. गेल्या महिन्यात दोन सोमवारी सभासदांना हप्त्याची आठवण करून देणारा एसएमएस दोनदा गेला. पाहिले तर दोन जावा प्रोसेस, म्हणजे त्याच प्रोग्रामच्या दोन प्रती, चालू होत्या. जुनी बंद व्हावी म्हणून शटडाउनची स्क्रिप्ट पुन्हा चालवली, तर लोक वापरत असलेले सॉफ्टवेअरच बंद पडले आणि जुनी प्रोसेस तशीच राहिली. आता आमचे एक सहकारी सरळ 'किल -९' करून मोकळे होतात. हे योग्य आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : योग्य नाही, पण सहकाऱ्यांवर ही वेळ का आली, ते आधी पाहू.

टॉमकॅटची शटडाउन स्क्रिप्ट प्रोसेस मारत नाही. ती त्याच यंत्राच्या ८००५ क्रमांकाच्या पोर्टवर (निरोप घेण्याच्या दारावर) 'शटडाउन' हा एक शब्द पाठवते आणि शब्द पोहोचला की तिचे काम संपते. तो शब्द मिळाल्यावर टॉमकॅट नव्या विनंत्या घेणे थांबवतो, त्यावर चढवलेली ॲप्लिकेशन्स उतरवतो आणि वापरणाऱ्यांसाठीचा ८०८० व हा ८००५ असे दोन्ही पोर्ट सोडून देतो. एवढे झाल्यावर जावा प्रोसेसने आपणहून संपायला हवे. परंतु जावाचा नियम असा आहे की, ज्याला डीमन (ज्याच्यासाठी प्रोसेसने थांबायचे नाही असा) अशी खूण केलेली नाही असा एक जरी थ्रेड, म्हणजे प्रोसेसमधील कामाचा स्वतंत्र धागा, जिवंत असेल, तरी प्रोसेस संपत नाही. ठरावीक वेळी एसएमएस पाठवण्यासाठी जावाच्या शेड्यूलरने जे थ्रेड तयार केले जातात, ते मुद्दाम सांगितले नाही तर डीमन नसतातच. म्हणजे तुमच्या जुन्या प्रोसेसचे दुकान बंद झाले होते, पाटी उतरली होती, पण मागच्या खोलीत एक माणूस एसएमएस पाठवत बसलेला होता. पोर्ट मोकळे झाल्यामुळे नवी प्रोसेस विनातक्रार सुरू झाली आणि सोमवारी सकाळी दोघांनीही आपापली यादी उघडली.

स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवल्यावर उलटेच घडले, तेही याच कारणाने. ८००५ हा पोर्ट एव्हाना नव्या प्रोसेसकडे गेला होता, त्यामुळे 'थांब' हा निरोप तिलाच मिळाला. कॅटॅलिना या टॉमकॅटच्या मुख्य भागाच्या लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) त्या रात्रीच्या ओळी काढून पाहा. ॲप्लिकेशनने अमुक नावाचा थ्रेड सुरू केला होता, पण तो थांबवला नाही, अशी सूचना टॉमकॅटने बहुधा नोंदवलेली असेल. ती सूचना आपण सगळेच वर्षानुवर्षे नजरेआड करतो, हा माझाही अनुभव आहे.

आता 'किल -९' विषयी. 'किल' या कमांडचे काम मारणे नसून सिग्नल पाठवणे आहे. क्रमांक दिला नाही तर ती १५ क्रमांकाचा सिगटर्म पाठवते. हा सिग्नल प्रोसेसपर्यंत पोहोचतो, आणि आवराआवर करून कसे संपायचे हे तिचे तिला ठरवता येते. ९ क्रमांकाचा सिगकिल मात्र प्रोसेसला कळतही नाही. तो पकडता, अडवता किंवा दुर्लक्षिता येत नाही, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रोसेस जिथे असेल तिथेच संपवतो. डेटाबेसमधील अर्धवट व्यवहाराची यात फारशी काळजी नाही, कारण जोडणी तुटली की डेटाबेस तो स्वतः मागे घेतो. नुकसान होते ते डेटाबेसबाहेरच्या गोष्टींचे. अर्धी लिहिलेली निर्यात-फाइल तशीच राहते, कुलूप म्हणून ठेवलेली फाइल मागे उरते आणि पुढच्या वेळी 'दुसरी प्रत चालू आहे' असे सांगत ॲप्लिकेशन सुरूच होत नाही. तुमच्याच उदाहरणात, एसएमएस कंपनीकडे संदेश गेला आणि 'पाठवला' अशी नोंद करण्याआधी प्रोसेस मारली गेली, तर पुन्हा सुरू झाल्यावर तोच संदेश पुन्हा जाईल. ज्या दुखण्यासाठी ९ वापरला, तेच दुखणे ९ मुळे परत येऊ शकते.

जावा प्रोसेसला सिगटर्म मिळाला की ती प्रथम नोंदवून ठेवलेली समाप्तीची कामे करते. टॉमकॅटची नीट थांबण्याची क्रिया त्यांतच येते. ती कामे झाली की कोणता थ्रेड जिवंत आहे याची वाट न पाहता प्रोसेस संपते. म्हणूनच शटडाउनच्या स्क्रिप्टला दाद न देणारी तुमची जुनी प्रोसेस साध्या 'किल'ने सहसा लगेच गेली असती. तरीही सिगटर्म पाठवला म्हणून एसएमएसच्या थ्रेडला हातातले काम पुरे करायला सवड मिळेलच असे नाही. ती सवड प्रोग्रामरने ठेवावी लागते. ॲप्लिकेशन उतरवताना टॉमकॅट ज्या ठिकाणी हाक देतो, तिथे शेड्यूलरला नवे काम न घेण्यास सांगून चालू काम संपेपर्यंत ठरावीक सेकंद थांबावे, अशा चार ओळी त्यांच्याकडून लिहून घ्या. खरा उपाय तो आहे.

तोपर्यंत रविवारचे काम असे करावे. चालू प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या 'पीएस' कमांडने प्रोसेसचा क्रमांक शोधताना केवळ 'जावा' हे नाव पाहू नका, संपूर्ण कमांडची ओळ वाचा. त्याच यंत्रावर दुसरेही जावा ॲप्लिकेशन असू शकते. नावावरून सरसकट मारणारी 'किलऑल' तर टाळाच. (सोलारिस या युनिक्स प्रणालीवर याच नावाची कमांड नाव वगैरे न बघता चालू असलेल्या सगळ्याच प्रोसेस संपवते. लिनक्सवर हात बसलेल्या माणसाने तिथे ती एकदा वापरली की पुन्हा विसरत नाही.) क्रमांक कागदावर लिहून घ्या, सिगटर्म पाठवा आणि थांबा. 'किल -०' काहीही सिग्नल पाठवत नाही, फक्त त्या क्रमांकाची प्रोसेस आहे की नाही ते सांगते. ती दर दोन सेकंदांनी चालवणारा छोटा लूप स्क्रिप्टमध्ये घाला आणि त्याला साठ सेकंदांची मुदत द्या. प्रोसेस गेल्याशिवाय स्टार्टअपची ओळ चालताच कामा नये.

मुदत उलटूनही प्रोसेस उरली, तर आधी 'किल -३' द्या. जावा त्यावर मरत नाही, तर प्रत्येक थ्रेड कुठे अडकला आहे त्याची यादी लॉगमध्ये उतरवते. ती यादी जपून ठेवा आणि मगच ९ वापरा. ९ ला माझा विरोध नाही, पुरावा न घेता तो वापरण्याला आहे.

सुरू करताना नेहमीच्याच युजरने करा. घाईत कोणी रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून सुरू केले, तर नव्या लॉग फाइल रूटच्या मालकीच्या होतात आणि पुढच्या रविवारी टॉमकॅटला स्वतःच्याच लॉगमध्ये लिहिता येत नाही. शेवटी लॉगमध्ये सर्व्हर सुरू झाल्याची वेळ दाखवणारी ओळ पाहा आणि स्वतः लॉगिन करून एका सभासदाचे खाते उघडा.

हे सारे सिस्टिमडीकडे, म्हणजे सेवा सुरू-बंद करणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेकडे, सोपवता आले तर उत्तमच. ते प्रथम सिगटर्म देते, मुदत वेगळी ठरवली नसेल तर ९० सेकंद वाट पाहते आणि मग उरलेल्या प्रोसेसना सिगकिल देते. एकच लक्षात ठेवा : सिगटर्मने संपलेली जावा प्रोसेस १४३ हा निकाल देते, म्हणजे १२८ अधिक १५, आणि सिस्टिमडी त्याला अपयश समजते. १४३ हेही यश आहे, असे सेवेच्या फाइलमध्ये लिहावे लागते.

प्रश्न : एन्जिनिक्स या वेब सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एखादी ओळ बदलली की रीस्टार्ट करावेच लागते का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बहुतेक बदलांसाठी नाही. प्रथम 'एन्जिनिक्स -टी' चालवून फाइलमध्ये चूक नाही याची खात्री करावी आणि मग रीलोड करावे. रीलोड म्हणजे मुख्य प्रोसेसला १ क्रमांकाचा सिगहप. ती नवी सेटिंग वाचते, नव्या कामगार प्रोसेस सुरू करते आणि जुन्यांना हातातल्या विनंत्या पुऱ्या करून जाऊ देते. फाइल चुकीची असेल तर जुन्या सेटिंगवरच काम चालू राहते. रीस्टार्टमध्ये मात्र आधी सगळे बंद होते आणि चूक नंतर कळते. एन्जिनिक्सची एक तऱ्हाही सांगून ठेवतो : सिगटर्म मिळाल्यावर तो चालू विनंत्या तोडून तत्काळ थांबतो, त्या पुऱ्या करून थांबायला हवा असेल तर सिगक्विट द्यावा लागतो.

प्रश्न : 'किल -९' देऊनही प्रोसेस जात नाही, असे का होते?
— एक वाचक, पणजी

उत्तर : 'पीएस'मधील स्थितीचे अक्षर पाहा. 'झेड' असेल तर ती प्रोसेस आधीच संपलेली आहे, तिची नोंद पालक प्रोसेसने उचललेली नाही एवढेच. तेव्हा लक्ष पालकाकडे द्यावे. 'डी' असेल तर ती कर्नलमध्ये डिस्क किंवा नेटवर्कवरील फाइलींच्या उत्तराची वाट पाहत आहे आणि ते मिळेपर्यंत सिग्नल तिच्यापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा ९ देत बसण्यापेक्षा तुटलेला एनएफएस माउंट (नेटवर्कवरून जोडलेले फोल्डर) किंवा बिघडलेली डिस्क शोधावी.