जपानच्या ओकिनावा बेटावरच्या डोजोत, म्हणजे कराटेच्या वर्गात, शिकायला जाताना ब्लॅक बेल्ट बांधावा का? तिथे साफसफाईही करावी लागते म्हणतात, खरं का?

नवख्यांचा पांढरा बांधून जा. सेन्सेई, म्हणजे तिथले गुरू, म्हणाले ‘तुमचा बांधा’, तर दुसऱ्या दिवशी बांधा. पट्टे मुळात ज्युदोतून आले. गोजू-र्यू ही कराटेची शैली घडवणाऱ्या मियागी चोजुन यांनी १९५३ मध्ये जाईपर्यंत एकाही शिष्याला डान, म्हणजे ब्लॅक बेल्टची श्रेणी, दिला नव्हता. आपल्याकडे मात्र दर तीन महिन्यांनी परीक्षा, फी आणि नवा रंग.

साफसफाईचं मात्र सविस्तर सांगते.

आठवीत असताना मी पुण्यात कराटे सुरू केलं. क्लास एका शाळेच्या हॉलमध्ये भरायचा. सर आल्या आल्या मुलींच्या हातात झाडू द्यायचे, मुलगे तोवर मैदानात किक मारत असायचे. ब्राऊन बेल्ट झाल्यावर एकदा विचारलं, “सर, मुलगे का नाही झाडत?” म्हणाले, “जपानमध्ये शिस्त अशीच असते. नम्रता यायला हवी.” मी झाडू भिंतीला टेकवला आणि पुन्हा त्या हॉलमध्ये पाय ठेवला नाही. घरी बोलणी मलाच बसली, एका झाडूपायी पाच वर्षं घालवलीस म्हणून.

पुढे दुसरीकडे ब्लॅक बेल्ट झाले. नोकरीसाठी योकोहामाला होते तेव्हा रजा काढून दोन आठवडे ओकिनावातल्या नाहा शहरात गेले. डोजो म्हणजे सेन्सेईंच्या राहत्या घराचा तळमजला. भिंतीशी चिईशी, म्हणजे एका टोकाला जड दगड बसवलेले दांडे, शेजारी बोटांच्या पकडीत काठ धरून उचलायचे मातीचे घडे, मागे माकिवारा, म्हणजे ठोसे मारायचा खांब. पहिली अख्खी संध्याकाळ नुसता सानचिन काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा एक क्रम. तीन पावलं, श्वास, मूठ. सेन्सेई मागून खांद्यांवर थापा मारून, पाठ चाचपून ताण सुटतो का बघत होते. माझ्या घामाचं जमिनीवर थारोळं झालं होतं.

शेवटी रांगेत बसून समोर, मग सेन्सेईंना, मग एकमेकांना वाकून नमस्कार झाला. लगेच सगळे उठून बादलीकडे गेले. मी जागची हलले नाही. तो पुण्यातला हॉल जसाच्या तसा डोळ्यांसमोर आला. बघते तर सहावा डान असलेले गृहस्थ ओणवे होऊन, दोन्ही हात फडक्यावर दाबून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जमीन पुसत पळताहेत. सत्तरी ओलांडलेले सेन्सेई घडे पुसून जागेवर लावताहेत. एका शाळकरी मुलाने फडकं पिळून माझ्यापुढे धरलं. मी पुसलं, आधी माझाच घाम. उद्या त्याच लाकडावर कुणीतरी अनवाणी पायाने वळणार, ओल राहिली तर घसरणार. इतकं साधं कारण आहे, त्यात नम्रतेचं भाषण कुणीच दिलं नाही.

तेव्हा हो, पुसावं लागतं, पण सगळ्यांना. जिथे फक्त मुली किंवा फक्त पांढरे पट्टे झाडतात आणि शिकवणारा खुर्चीत बसतो, तिथे भिंतीवर कितीही जपानी लिहिलेलं असो, नाव काढून घ्या. मुलीला क्लासला घालणार असाल तर पहिल्या दिवशी हेच बघा, मेडल्स नंतर. आमचे सर जपानचं नाव सांगून खोटं बोलले, हे मी आता ठामपणे म्हणते.

आणि ‘ओस’ ही कराटेतली होकाराची, नमस्काराची आरोळी उठसूट देऊ नका. ती मुख्य जपानी बेटांवरची सवय. नाहात आम्ही ‘हाइ’ म्हणायचो, म्हणजे ‘हो’. अर्थात मी एकाच गोजू-र्यू डोजोचं सांगतेय. शोरिन-र्यू, उएची-र्यूवाल्यांच्या रीतींत थोडाफार फरक असणार, काही ठिकाणी ओसही चालतं.

न कळवता दारात उभे राहू नका, आधी ईमेल करा. चपला बाहेर तोंड करून काढा, नखं कापून जा. घाम टिपायला टॉवेल न्या. फडकं तिथे मिळतं.