घरी कॉफी करण्यासाठी ग्राइंडर कोणता घ्यावा, हाताचा की विजेचा?

तुम्ही लिहिलंय की सध्या फ्रेंच प्रेस (पूड भांड्यात भिजवून जाळीच्या दट्ट्याने दाबायची) आणि पोर-ओव्हर (गाळणीतल्या पुडीवर गरम पाणी ओतायचं) करता, बिया पात्याच्या ग्राइंडरमध्ये फिरवता आणि कॉफी एकाच वेळी कडूही लागते, आंबटही. पुढेमागे एस्प्रेसो मशीन घ्यायचा विचार आहे, म्हणून आत्ताच सगळं काही जमणारा एकच ग्राइंडर घेऊन टाकावा का, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते नको. आज ज्या पद्धतीने कॉफी करताय तिच्यासाठी एक चांगला हाताचा ग्राइंडर घ्या. एस्प्रेसोचं एस्प्रेसो आल्यावर पाहता येईल.

आधी कडू-आंबटचं बघू. पात्याच्या ग्राइंडरमध्ये कण किती बारीक व्हावा हे ठरवणारं काहीच नसतं. पात्याजवळ सापडलेला तुकडा पुन्हा पुन्हा कापला जातो आणि कडेला उडालेला तसाच राहतो. मग एकाच दळणात पीठही असतं आणि अर्धीमुर्धी बीही. पिठातून पाणी सगळा अर्क भराभर ओढून घेतं, अगदी नको तो कडवटपणासुद्धा. मोठ्या तुकड्याच्या आतपर्यंत मात्र पाणी पोचतच नाही, त्यातून आंबटपणा तेवढा उतरतो. पाण्याचं तापमान बदला, वेळ बदला, एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते.

बर ग्राइंडरचं तत्त्व जात्याचं. दोन दातेरी भाग, त्यांनाच बर म्हणतात, त्यांच्यामधली फट तुम्ही ठरवायची, आणि त्या फटीतून जाण्याइतका लहान झाल्याशिवाय दाणा बाहेर पडत नाही. बी ठिसूळ असल्यामुळे थोडं पीठ यातही पडतंच, महागातल्या महाग ग्राइंडरमध्येसुद्धा. फरक प्रमाणाचा आहे, पण तो पहिल्याच कपात कळतो.

आता हाताचाच का? विजेच्या ग्राइंडरच्या किमतीत मोटर, गिअर, खोका, बटणं सगळ्यांचे पैसे धरलेले असतात. हाताच्या ग्राइंडरमध्ये मोटर तुम्हीच, त्यामुळे तेवढ्याच पैशांत जास्त चांगले बर आणि बेअरिंग मिळतात. एका कपाला लागणारी 15 ते 20 ग्रॅम कॉफी चांगल्या पोलादी बरवर मिनिटभरात दळून होते. कमी भाजलेल्या बिया कडक असतात, त्यांना जोर लागतो. गडद भाजलेल्या सहज फुटतात. मनगटाचं किंवा खांद्याचं दुखणं असेल तर मात्र हा मुद्दा हलक्यात घेऊ नका, सरळ विजेचा घ्या.

विकत घेताना जाहिरातीतल्या 'इतक्या सेटिंग्ज'कडे बघू नका. बघायचं ते हे, की मधला दांडा हलतो का. जुन्या धाटणीच्या स्वस्त हाताच्या ग्राइंडरमध्ये आतला बर फक्त वरच्या बाजूने धरलेला असतो, खाली मोकळा. बारीक दळताना दोन्ही बर एकमेकांच्या अगदी जवळ असतात, त्यामुळे दोष फारसा दिसत नाही. भरड दळायला फट वाढवली की आतला बर डुलायला लागतो, एका बाजूला फट जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. म्हणजे गंमत अशी, की भरड दळण सोपं वाटतं, पण कच्चा ग्राइंडर उघडा पडतो तो तिथेच. आणि तुम्हाला फ्रेंच प्रेससाठी नेमकं भरडच हवंय. दांडा दोन बेअरिंगवर बसवलेला असेल असाच ग्राइंडर घ्या. हातात घेऊन बघता आला तर भरड सेटिंगवर ठेवून दांडा दोन बोटांनी बाजूला ढकला, डुगडुगला तर परत ठेवा.

बर पोलादी की सिरॅमिक? पोलादी. सिरॅमिक कठीण असतं, धारही टिकते, पण बियांत एखादा खडा निघाला तर टवका उडू शकतो, आणि दळताना पोलादाइतकं स्वच्छ कापत नाही. शंकूच्या आकाराचे बर चांगले की सपाट, या वादात आत्ता पडूच नका. हाताच्या ग्राइंडरमध्ये बहुतेक शंकूचेच असतात.

आता एस्प्रेसो. तिथे साधारण 9 बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास नऊपट दाबाने पाणी 25 ते 30 सेकंदांत पुडीतून काढायचं असतं. दळण केसभर जाड झालं तर पाणी धो-धो येतं, केसभर बारीक झालं तर थेंबही उतरत नाही. म्हणून तिथे फट फार बारीक टप्प्यांनी बदलता यायला हवी. उदाहरण म्हणून कॉमांडान्टे सी-40 हा पोर-ओव्हरवाल्यांचा आवडता हाताचा ग्राइंडर बघा: त्याची एक क्लिक, म्हणजे सेटिंगचा एक टप्पा, साधारण 30 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). पोर-ओव्हरला हे भरपूर झालं, एस्प्रेसोला जाड पडतं, म्हणून कंपनी क्लिकचं अंतर अर्धं करणारा वेगळा दांडाच विकते. वनझेडप्रेसो कंपनीच्या जे-मॅक्स या हाताच्या ग्राइंडरची क्लिक 8.8 मायक्रॉनची, तो एस्प्रेसो डोळ्यासमोर ठेवूनच बनवलाय. उलट फेलो कंपनीचा ओड हा विजेचा ग्राइंडर मुळात एस्प्रेसोसाठी नाहीच.

तांत्रिकदृष्ट्या दोन्ही करणारे ग्राइंडर आहेत, नाही असं नाही. पण सकाळी एस्प्रेसो, दुपारी फ्रेंच प्रेस असं असेल तर रोज सेटिंग इकडून तिकडे आणि परत. एस्प्रेसोची नेमकी जागा दरवेळी शोधत बसावी लागते, त्यात कॉफी वाया जाते. ज्यांच्याकडे एस्प्रेसो मशीन खरंच रोज चालतं ते बरेच जण शेवटी त्यासाठी वेगळा ग्राइंडर ठेवतात. जे मशीन अजून घेतलंच नाही त्याच्यासाठी आज जास्त पैसे का मोजायचे?

घेतल्यावर पहिलं काम: फट पूर्ण बंद होईपर्यंत हळूच फिरवा, तो तुमचा शून्य, तिथून क्लिक मोजा. वर सांगितलेल्या सी-40वर पोर-ओव्हर साधारण 22 ते 28 क्लिकच्या आसपास येतं आणि फ्रेंच प्रेस त्याच्या थोडं पुढे. दुसऱ्या मॉडेलवर हे आकडे चालणार नाहीत. मग चवीवर जा. आंबट, पाणचट लागली तर एक-दोन क्लिक बारीक. कडू, जीभ कोरडी करणारी लागली तर भरड. बाकी काही त्या दिवशी बदलू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

दळताना पूड भांड्याला चिकटते, उडते, ती स्थिर विजेमुळे. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एखादा थेंब टाकून हलवा, बराच फरक पडतो. 2023 मध्ये ओरेगॉन विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर हेंडन यांच्या गटाने हे मोजूनही दाखवलं: बियांत ओलावा जास्त तर विजेचा भार कमी. थेंब म्हणजे थेंबच हं. पोलादी बर पाण्याखाली धुवायचे नाहीत, गंज चढतो. कोरड्या ब्रशने झाडा, पुरे.

नवा येईपर्यंत आहे त्याच ग्राइंडरवर बटण दाबून धरण्याऐवजी थांबत थांबत फिरवा, मध्ये भांडं हलवा, आणि पीठ बारीक चाळणीने काढून टाका. थोडी कॉफी फुकट जाईल, पण कडवटपणा उतरेल.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत: एका वेळी किती जणांची कॉफी करता? हाताच्या ग्राइंडरमध्ये एका खेपेला साधारण 20 ते 40 ग्रॅमच मावतात. रोज चार-पाच कप एकदम लागत असतील तर माझं उत्तर बदलेल. मग बारात्झा एन्कोअरच्या वर्गातला, 40 मिलीमीटर शंकूच्या बरचा विजेचा ग्राइंडर बघा, आणि घेण्याआधी त्याचे सुटे भाग मिळतात का हे नक्की विचारा.