बेळगावात फ्रीमेसन लॉजचे सभासद महिन्यातून एकदा जमून नेमकं करतात काय?

फ्रीमेसन म्हणजे एका जुन्या बंधुसंघटनेचे सभासद, आणि लॉज म्हणजे त्यांची स्थानिक शाखा. लोकांना वाटतं तेवढं गूढ काही नाही. आमचे मामा बरीच वर्षं सभासद होते, त्यांच्याकडून ऐकलेलं सांगतो.

बैठक साधारण महिन्यातून एकदा, संध्याकाळी. काळा सूट, कमरेला पांढरं एप्रन. दाराबाहेर तलवार घेऊन टायलर, म्हणजे पहारेकरी, उभा. आत मागच्या बैठकीचं इतिवृत्त, हिशेब, कोण आजारी आहे, कुणाला मदत लागते. म्हणजे आपल्या पतसंस्थेच्या सभेसारखंच, फक्त शिस्त कडक. नवीन सभासद घ्यायचा असेल किंवा कुणाला पुढची पदवी, म्हणजे सभासदत्वाची वरची पायरी, द्यायची असेल तेव्हा विधी होतात. पदव्या तीन. विधीतले लांबलचक संवाद तोंडपाठ करावे लागतात. मामा गाडी चालवताना पुटपुटत बसायचे आणि मामी वैतागायच्या! अध्यक्ष, म्हणजे 'वर्शिपफुल मास्टर', दरवर्षी बदलतो.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते असं की आत धर्म आणि राजकारणावर वाद घालायचा नाही, हा नियमच आहे. सीमाप्रश्नावरून चहाच्या टपरीवरसुद्धा आवाज चढणाऱ्या आपल्या गावात मराठी, कन्नड, उर्दू बोलणारे एका टेबलावर जेवतात. भारतात शपथ ज्याच्या त्याच्या धर्मग्रंथावर. ईश्वरावर श्रद्धा मात्र हवीच.

बैठकीनंतरचं जेवण हा खरा आनंदाचा भाग. गप्पा, थट्टा, टोस्ट (म्हणजे कुणाच्या तरी सन्मानार्थ प्याले उंचावणं), आणि दानाची पेटी फिरते.

१९६१ साली स्थापन झालेल्या ग्रँड लॉज ऑफ इंडिया या शिखरसंस्थेखालच्या लॉजमध्ये स्त्रियांना सभासदत्व नाही. हे मला खटकतं. सामील व्हायचं असेल तर ओळखीच्या सभासदाला सरळ विचारा.